मारुती आला नाही तर

गेल्या माघात शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अंगाला, एका सप्ताहात माझे कीर्तन झाले. निरूपणाच्या ओघात अशोकवनातली सीतामाई आली. मारुतीने मुद्रिका दिली, निष्ठेचे फळ मिळाले, असे मी नेहमीप्रमाणे सांगितले. शेवटी बुक्का लावून घेताना एक म्हातारी माउली म्हणाली, "बुवा, तिच्याकडं मारुती आला. जिच्याकडं कुणी येतच नाही, तिनं काय करायचं?" 'नामस्मरण करा' असे काहीतरी बोलून मी पुढे सरकलो. मुरबाडला मुक्कामी येईपावेतो ते उत्तर मलाच टोचत राहिले.

सज्जनहो, असा प्रसंग आपल्याच काळात घडला आहे. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानात शोरकोटच्या हल्ल्यात पडले. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. पत्नी दमयंतीबाई बॅडमिंटनच्या नामांकित खेळाडू, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. पकडलेल्या वैमानिकांत तांब्यांसारखे एक नाव तिकडच्या वर्तमानपत्रात आले, एवढीच काय ती मुद्रिका! युद्ध संपले, कैदी परतले, हे परतले नाहीत. आपल्या सरकारच्या बेपत्तांच्या यादीत ५४ नावे आहेत. आपल्याकडे असे कैदी नाहीत, असे पाकिस्तान सांगत आले. बाईंनी पुन्हा लग्न केले नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि शोध सोडला नाही.

आता कोणी म्हणेल, पतिव्रतेचा धर्मच तो. थांबा. पराशरस्मृतीने पाच आपत्तींत स्त्रीला दुसऱ्या पतीची मोकळीक दिली आहे, आणि त्यांत पहिलीच आपत्ती पती नाहीसा होण्याची. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्याच वचनाचा आधार घेतला आणि १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला. सात वर्षे वार्ता नसली तर आजचा कायदाही माणूस गेला असे धरतो. म्हणजे दार उघडे होते. आम्ही कीर्तनकार हे वचन बहुधा टाळतो, मीही टाळले. पण दार बंद असताना आत बसून राहणाऱ्या बाईची निष्ठा आम्ही कशाच्या आधारे वाखाणतो? उघड्या दारातून जी गेली, तिने नवा संसार केला, तिला उणे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही.

मग हा मोह का? मोह डोळे मिटून घेतो. दमयंतीबाई १९८३ साली आणि पुन्हा २००७ साली इतर नातलगांबरोबर पाकिस्तानातले तुरुंग पाहावयास गेल्या. वाईट तर वाईट, पण खरे कळावे म्हणून मोहात पडलेला माणूस एवढा हिंडत नाही. पुराणातल्या दमयंतीनेही नुसते आसू गाळले नाहीत. नळाच्या शोधाला देशोदेशी ब्राह्मण धाडले, दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवली. तिला नळ सापडला. हिला सापडला नाही, म्हणून हिचे प्रेम कमी वजनाचे ठरते काय? फळावरून निष्ठा मोजण्याची माझी जुनी खोड त्या म्हातारीने धरली होती.

आणि एक चुकले ते सांगतो. ती माउली कोणाची वाट पाहते, हे मी विचारलेसुद्धा नाही. यंदाच्या माघातही तिथले बोलावणे आहे. कीर्तनाला उभा राहण्याआधी तिच्या ओट्यावर जाऊन बसेन म्हणतो.