जिवंत, पण ओझे

इ. स. पू. ४०१-४०० च्या हिवाळ्यात सुमारे दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक आर्मेनियाचे बर्फ तुडवत काळ्या समुद्राकडे निघाले होते. त्यांची हकिकत झेनोफनने लिहिली. एका खेचरवाल्याचे सामान त्याने इतरांत वाटून दिले आणि खेचरावर आजारी शिपाई घातला. पिछाडीबरोबर तो मागाहून पोचला, तर हा खड्डा खणतोय. आजाऱ्याने पाय आखडला. जिवंत आहे, लोक ओरडले. असेना, मी नेणार नाही, खेचरवाला म्हणाला. झेनोफनने त्याला बडवले.

पुढे समुद्रकाठी, कोट्योरात, खेचरवाल्याने भर सैन्यापुढे त्याचा जाब विचारला. शेवटी मेलाच ना तो? मरायचे तर सगळ्यांनाच आहे, म्हणून जिवंत पुरायचे का, हे झेनोफनचे उत्तर. सैन्याला ते पटले. मलाही पटते, तोही त्याच बर्फातून चालला होता. मात्र थकव्याने त्या खेचरवाल्याला क्रूर केले, एवढे म्हणून मला पुढे जाता येत नाही. समोरचा जिवंत आहे हे त्याने नाकारलेच नव्हते. त्या जिवंतपणाचे आपण काही देणे लागतो, एवढेच नाकारले.

ग्रीकमध्ये दोघे एकमेकांना एकाच सर्वनामाने बोलतात. मराठीत आणताना हात आपसूक सेनापतीला ‘तुम्ही’ आणि खेचरवाल्याला ‘तू’ देतो, म्हणजे निकाल साक्षीआधीच लागतो. मी दोघांनाही ‘तू’च ठेवीन.