मंडळी

बदली झालेल्या बँक कारकुनाला नव्या गावात पहिल्या महिन्यात तीन गोष्टी मिळवाव्या लागतात : भाड्याची जागा, वेळेवर येणारा दूधवाला आणि साहेबांचा मूड आधी सांगणारा शिपाई. बोईसरला आलो तेव्हा या तिन्ही गोष्टी मला पंधरा दिवसांत मिळाल्या. चौथी मात्र मिळेना. ती म्हणजे मंडळी.

गैरसमज नको. जुन्या लोकांत 'आमची मंडळी' म्हणजे बायको. ती मला वीस वर्षांपूर्वीच मिळाली आहे आणि सामानाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून, त्याला रस्ता सांगत, बोईसरपर्यंत आलेलीही आहे. आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्च. इमारत नव्हे, आत बसणारी माणसं.

आमचं घराणं नगरकडचं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर म्हणत वाढलेलं. तिकडे मंडळी शोधावी लागत नाही. तुम्ही जन्मता तेव्हाच ती दारात हजर असते आणि बाळाचं नाक कोणावर गेलं यावर तिच्यात दोन तट पडलेले असतात. इथं आल्यावर मात्र पहिले सहा महिने मी रविवार झोपून काढले. देव सर्वत्र आहे, त्याअर्थी तो उशीपाशीही असणारच, हा माझा युक्तिवाद होता.

पण बरोबर आई होती. वय अठ्ठ्याहत्तर. एका रविवारी चहा पिता पिता म्हणाली, "का रे, इथं मी मेले तर मला पुरणार कोण?"

माझ्या हातातली बशी हातातच राहिली. "आई, सकाळी सकाळी काय हे?"

"मग दुपारी विचारू? नगरला असते तर विचारलंच नसतं. इथं चार खांदे आणणार कुठून? बँकेतून?"

मी मनाशी हिशेब केला. मॅनेजर धरून शाखेत आम्ही पाच. त्यातले दोघे नेहमी रजेवर. आईचा मुद्दा बिनतोड होता.

कॉमर्सचा पदवीधर संकटात सापडला की आधी तक्ता आखतो. मीही आखला. भाषा, घरापासून अंतर, प्रवचनाची लांबी, पेटीचा सूर, उपासनेनंतरचा चहा. प्रत्येकी वीस गुण, एकूण शंभर.

तक्त्यात भरायला मालाची कमतरता नव्हती. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे कारखान्यांची वसाहत वाढली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथं आली. येताना प्रत्येकानं आपला देव आणि आपलं लोणचं बरोबर आणलं. पहिल्या रविवारी मी मल्याळी उपासनेला गेलो. तीन तासांत मला 'आमेन' एवढा एकच शब्द कळला, तोही मी सगळ्यांच्या नंतर म्हटला. दुसऱ्या रविवारी हिंदी. तिथं ड्रम असा वाजत होता, की सोमवारी काउंटरवर गिऱ्हाईक बोलायचं आणि मला फक्त ओठ दिसायचे.

तिसऱ्या रविवारी कॅथलिकांच्या मिस्साला गेलो. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते ६५ या काळात झाली आणि कॅथलिकांच्या उपासनेत लॅटिनच्या जागी लोकांच्या भाषा आल्या. त्यामुळं वसई-पालघरकडे मिस्सा मराठीत ऐकायला मिळतो. कान तृप्त झाले. पण मी पडलो प्रॉटेस्टंट. सगळे उठले तेव्हा मी बसलेला, सगळे गुडघ्यांवर तेव्हा मी उभा. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत तर शिरताच येईना. पैसे तेच, पण माझं पासबुक दुसऱ्या बँकेचं!

चौथ्या रविवारी एका कॉलनीतल्या बिऱ्हाडात जमणारी मराठी मंडळी सापडली. वीसेक माणसं. कोणी नगरचं, कोणी जालन्याचं, कोणी कोल्हापूरचं. एकच गीत तीन जिल्ह्यांच्या तीन चालींत सुरू व्हायचं आणि शेवटच्या ओळीला कशीबशी गाठ पडायची. पेटीची एक पट्टी दाबली की वर यायची नाही. पाळक महिन्यातून एकदा येत. एरवी एक निवृत्त फिटरकाका प्रवचन वाचून दाखवीत, तेही चष्मा शोधून झाल्यावर. गुण एक्केचाळीस.

तरी आईनं तिथंच ठाण मांडलं, कारण काकांच्या बायकोचं माहेर आईच्या तालुक्यातलं निघालं. मी आपला शेवटच्या रांगेत, खिशात तक्ता घेऊन.

तो तक्ता एकदा हिच्या हाती लागला. तिनं शांतपणे वाचला आणि विचारलं, "अहो, त्यांनी तुम्हाला किती गुण दिलेत?"

त्या रात्री झोप आली नाही. १९७० साली नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' उभं राहिलं. सहा मंडळ्यांना जमलं ते मला एकट्याला जमू नये? मग मी मोठ्या माणसांचा आधार शोधला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण एका पंथाच्या चौकटीत त्या काही मावल्या नाहीत. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. म्हणजे नापसंतीला परंपरा आहे! पण लगेच ध्यानात आलं, की त्यांचं भांडण सदसद्विवेकाचं होतं, माझं पेटीच्या पट्टीशी होतं. शिवाय पटेना म्हणून ती दोघं उशीला टेकून पडली नाहीत. रमाबाईंनी केडगावला शेकडो निराधार बायकामुलींना घर दिलं.

आमच्या शाखेत ऑडिटर येतो. त्याला सगळे चहा देतात, खुर्ची देतात. जेवायच्या सुट्टीत आपल्या डब्यातली भाजी मात्र कुणी देत नाही. मी चारही ठिकाणी ऑडिटर म्हणून गेलो होतो.

पुढल्याच आठवड्यात आई तापानं पडली. आमचे दोन रविवार चुकले. मी कुणाला कळवलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. तीन जिने चढून, धापा टाकत, फिटरकाका उभे. हातात डबा. "दोनदा दिसला नाहीत, ब्रदर. म्हटलं बघून यावं."

आईनं अंथरुणातूनच आपला प्रश्न त्यांना घातला. मी ओशाळलो. काका गंभीरपणे म्हणाले, "त्याची काळजी सोडा, आजी. आमच्यात उचलणारे अकरा आहेत. दोघांची पाठ धरते, ते पुढं गात चालतील."

आई खूप दिवसांनी हसली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. श्रेय डॉक्टरांच्या गोळ्यांना द्यायचं की त्या अकरांना, हा माझ्या खात्यातला प्रश्न नव्हे.

आता मी पहिल्या रांगेत बसतो. बँकेतला माणूस म्हणून दानाची पिशवी मोजायचं काम माझ्याकडे आलं आहे. आठवडाभर ज्या नोटांना कंटाळतो त्याच रविवारीही मोजतो. परवा वहीतल्या आकड्यापेक्षा दहा रुपये कमी भरले. बँकेत कॅश कमी आली की मी नशिबाला शिव्या घालत पदरचे भरतो. इथं मी काही न बोलता खिशातली दहाची नोट पिशवीत टाकली आणि वहीवर सही केली.

तेवढ्यात आई मागून म्हणाली, "आता मेले तरी चालेल." मग जरा थांबून, "पण घाई नाही. आधी ती पेटी दुरुस्त कर."