श्रम : तप की खेद?

देह चंदनासारखा झिजवावा, असे आम्ही कीर्तनकार मोठ्या आवेशाने सांगतो. पण वारीच्या याच दिवसांत सह्याद्रीच्या उतारावर जी माउली चिखलात दिवसभर ओणवी राहून आवणी लावते, तिला हे कोणत्या तोंडाने सांगावे? आषाढी तिला घडत नाही. ऐन लावणीचे दिवस!

डोंगरातले खाचर एवढेसे. बांध चढून तेथे मोठे यंत्र न्यावे कसे? म्हणून हातापायांनी चालणारी लहान अवजारे निघाली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा आहे. त्याला वरचेवर धार लावावी लागत नाही. दोरी धरून ओळीत लावणी केली, तर उभ्याने ढकलायचे कोळपे तण चिखलात गाडते. पायाने फिरवायच्या मळणीयंत्राने पेंढ्या आपटणे वाचते, आणि ते दोघाचौघांना उचलून नेता येते.

यावर पूर्वपक्ष असा की, श्रम हेच तप. ते हलके केले तर मनुष्य आळशी होईल. ऐका हं, धातुपाठात ‘श्रम्’ धातूचे अर्थ दोन दिले आहेत, तप आणि खेद. पाणी राखणे, रोप जपणे, वेळेवर कापणी साधणे, हे तप. कंबर मोडेपर्यंत वाकणे हा निव्वळ खेद. त्याने लोंबीत एक दाणा अधिक भरत नाही. तो अवजाराने गेला तर धर्म बुडत नाही.

पण एवढ्याने वाद मिटत नाही. जपानातही डोंगरउतारावर भातखाचरे आहेत. तेथे पूर्वी बांबूच्या दोन काड्यांत लोंबी धरून दाणे ओरबाडीत. गरीब विधवा मजुरीने हे काम करून पोट भरीत. सतराव्या शतकाच्या अखेरीस फणीसारख्या दातांचे ‘सेन्बाकोकी’ हे अवजार आले आणि त्यांचे काम गेले. लोकांनी त्याला नाव ठेवले, ‘विधवांना पाडणारे’! अवजारात पाप नव्हते. खेद गेला, पण त्याबरोबर भाकरीही गेली, आणि वाचलेला दिवस धन्याच्या पदरात पडला.

आज कोकणात तरुण हात मुंबईला गेले आहेत. मागे उरलेल्या म्हाताऱ्यांना ही अवजारे आधारच आहेत. परंतु ज्या वाडीत भूमिहीन बाई कापणी-झोडणीवर वर्ष काढते, तेथे पाटलाने यंत्र आणून तिला ‘उद्या येऊ नको’ म्हणणे मला धर्म वाटत नाही. मजुरी घामावर मोजू नये, मळलेल्या भातावर मोजावी. काम सोपे झाले म्हणून मोल का उतरावे?

गावोगावी भजनी मंडळ मृदंग वर्गणीतून घेते ना? तसेच मळणीयंत्र घ्यावे आणि पहिल्याने अशा बाईच्या ताब्यात द्यावे. तिने जोडीदारीण घेऊन खळ्याखळ्यावर मळणी करावी, मापाने भात घ्यावे. तेलपाणी, दुरुस्ती मंडळाकडे.