विटाळ कातडीत की मनात?

आपली कातडी दाब, उष्णता, गारवा आणि वेदना टिपते. मज्जातंतू ती खबर मेंदूला पोचवतात. अर्थ मेंदू लावतो. जात ओळखणारा मज्जातंतू कोणत्याही देहात नाही. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर सनातन्यांनी शेण-गोमूत्राने तळे 'शुद्ध' केले! विटाळ पाण्यात नव्हता, शिकवलेल्या मनात होता. भगवान बुद्धांनी डोळा, कान, नाक, जीभ, काया यांच्या जोडीला मन हे सहावे आयतन सांगितले. तेही राखावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. मग आपल्या घरी सफाई कामगाराचा पेला वेगळा का? जे शिकवले गेले, ते टाकताही येते. आजच टाका.