पाळकसाहेबांचे तीन रविवार

दारव्हा तालुक्यातल्या एका लहानशा मंडळीचे ते पाळक. ऐन कापूस वेचणीत त्यांची बायको गेली. मंगळवारी माती दिली आणि रविवारी साहेब उपदेशाला उभे! आजाऱ्यांच्या भेटीही चुकल्या नाहीत. “विश्वास असावा तर असा,” लोक म्हणायचे. साहेबांना ते ऐकायला बरं वाटू लागलं होतं, आणि खरी गोची तिथंच होती.

महिन्याभरात मंडळीतल्या एका शेतकऱ्याची बायको साप चावून गेली. साहेब सांत्वनाला गेले, वचन वाचलं, प्रार्थना केली. तो गडी खाली मान घालून खाटेची सुतळी उकलत बसला होता. साहेब उठले तसा म्हणाला, “तुमी तं एक टिपूस गाळलं नाई, साहेब. मले रातभर झोप नाई. लोकं म्हन्तात, साहेबाकडे पाहा. माहा विश्वासच कच्चा हाये काय?”

साहेबांना उत्तर सुचेना. ते तडक म्हाताऱ्या प्रचारकांकडे गेले. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली. त्याआधी ती यवतमाळात होती, तेव्हाचे हे विद्यार्थी.

म्हाताऱ्यानं मत्तयाचा १४वा अध्याय काढला. “पाच भाकरींवर तुम्ही किती उपदेश केलेत! पण त्याआधीचं वाचा. योहानाचा शिरच्छेद झाल्याचं कळलं, म्हणून प्रभू तारवात बसून एकांताला निघाला होता. लोक पायी चालत मागं आले. त्याला कळवळा आला, त्यानं त्यांना बरं केलं, जेवू घातलं. आणि पुढं? लोकांना निरोप देऊन डोंगरावर एकटाच गेला. राहिलेला एकांत त्यानं सोडला नाही. तुम्ही भाकरी वाटल्या साहेब, डोंगर विसरलात.”

मग पंडिता रमाबाईंचा विषय निघाला. १९२१च्या जुलैत मनोरमा, एकुलती एक लेक, गेली. केडगावच्या मुक्ती मिशनचा भार तीच पुढं वाहणार होती. बाईंनी ती धुरा दुसऱ्या हाती सोपवली. स्वतःकडे बायबलच्या भाषांतराचं काम ठेवलं आणि १९२२च्या एप्रिलात देह ठेवला. थकलेल्या आईनं काय सोडायचं नि काय धरायचं हे ठरवलं, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

साहेबांनी पंचांकडे तीन रविवार मागितले. “नाताळ तोंडावर आलाय!” एक पंच कुरकुरले.

“नाताळ प्रभूचा आहे, साहेबांचा नाही,” म्हातारे म्हणाले आणि पहिला उपदेश स्वतःकडे घेतला. गीतफेरी पोरांनी काढली, बेसूर का होईना. साहेब वणीला लेकीकडे गेले आणि तिच्यासमोर पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

परतल्यावर ते आधी त्या शेतकऱ्याकडे गेले. बायबल पिशवीतच राहिलं. दोघं आधी कापसाच्या भावावर बोलले, मग आपापल्या बायकांवर.