शीलाची परीक्षा आणि यंत्राचे प्रश्न



आपण धम्मदीक्षा घेतली. घरातला देव्हारा उतरविला, तथागतांची व परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा भिंतीवर लावली, मुलांकडून त्रिशरण-पंचशील पाठ करून घेतले. आता पुढचा प्रश्न उभा राहतो. मुलांना धम्म समजला की नुसता पाठ झाला, हे ओळखावे कसे?

विहारातील धम्मवर्गाची प्रश्नपत्रिका पूर्वी एखादे गुरुजी किंवा बौद्धाचार्य विचार करून काढीत. आज फोनवर "पंचशीलावर वीस प्रश्न काढून दे" असे सांगितले की कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र क्षणात वीस प्रश्न उत्तरांसह पुढे ठेवते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅट जीपीटी लोकांपुढे आले, तेव्हापासून शिक्षणाचे अभ्यासक अशा प्रश्नांची पारख करू लागले आहेत. आपणही ती केली पाहिजे.

यंत्राला भिण्याचे कारण नाही. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीतूनच संस्कृती वाढते, असे बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीजींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेताना बजावले होते. परंतु हे यंत्र काय करते हे समजून घ्या. अफाट मजकुरावर ते तयार झालेले असते. एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब करीत ते वाक्य जुळविते. म्हणून जगात जे अधिक लिहिले गेले, ते त्याच्या तोंडी सहज येते. बुद्ध हा विष्णूचा अवतार, असे या देशात शेकडो वर्षे लिहिले गेले आहे. तेच उद्या "बरोबर उत्तर" म्हणून आपल्या मुलापुढे आले तर? बावीस प्रतिज्ञांतील पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच अपप्रचाराविरुद्ध आहे.

दुसरा धोका याहून बारीक आहे. पंचशीलात शीले किती? तिसरे शील कोणते? अशा प्रश्नांची उत्तरे पोपटही देईल. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, शिक्षणाच्या उद्दिष्टांच्या पायऱ्या मांडल्या. त्यात आठवण ही सर्वांत खालची पायरी आहे आणि पारखून निर्णय करणे ही सर्वांत वरची. आपल्या मुलांना आपण खालच्याच पायरीवर बसवून ठेवणार काय?

तथागतांनी तर प्रश्नांचेच चार प्रकार सांगितले आहेत. काही प्रश्नांचे उत्तर सरळ द्यावे, काहींचे फोड करून द्यावे, काहींना उलट प्रश्न विचारावा आणि काही बाजूला ठेवावेत. शीलाचे प्रश्न बहुधा फोड करण्याचे व उलट विचारण्याचे असतात. चार पर्यायांतून एकावर खूण करण्याने ते सुटत नाहीत.

लॅरी नुची व एलियट ट्युरिएल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. धार्मिक ख्रिस्ती व ज्यू घरांतील मुलांना त्यांनी विचारले, सुट्टीचा वार पाळण्यासारखा नियम देवाने घातलाच नसता तर? पुष्कळ मुले म्हणाली, मग तो न पाळण्यात दोष नाही. पुढे विचारले, चोरीविरुद्ध नियम नसता तर? देवानेच चोरी करण्यास सांगितले असते तर? बहुतेक मुले म्हणाली, तरीही चोरी वाईटच, कारण त्यात दुसऱ्याचे नुकसान होते. पाहा, ईश्वर मानणाऱ्या घरातील मुलेदेखील नीतीचा आधार आज्ञेत शोधीत नाहीत! "नियम कोणता?" एवढेच विचारले असते तर हे कधी कळले नसते. "नियम नसता तर?" असे विचारले, म्हणून कळले.

इतर धर्मांत ईश्वराला जे स्थान आहे ते धम्मात नीतीला आहे, असे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेब सांगतात. मग "चोरी का करू नये?" याला "पंचशीलात लिहिले आहे म्हणून" एवढेच उत्तर आपल्या मुलाने दिले, तर आपण पोथी बदलली, मन बदलले नाही, असेच म्हणावे लागेल.

राहुल लहान असताना तथागतांनी त्याला खोटे न बोलण्याचा उपदेश केला. त्यात त्यांनी राहुलाला विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे तो म्हणाला. तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असता आणि केल्यानंतर पाहावे, असे तथागतांनी सांगितले. त्याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही दुःख होते काय, हे तपासावे. प्रश्नपत्रिका असावी तर अशी!

म्हणून यंत्राकडून प्रश्न घ्या, पण गाळून घ्या. प्रत्येक उत्तर ग्रंथाशी ताडून पाहा. प्रत्येक प्रश्नापुढे "का?" जोडा. आणि एखादा प्रश्न आपल्या घरातला घाला. हप्ता मागणाऱ्याचा फोन आला, वडील खाटेवर बसलेले असून मुलीला म्हणाले, "मी घरी नाही म्हणून सांग." मुलीने काय करावे? खोटे बोलल्याने कोणाचे नुकसान होईल? खरे बोलल्याने घरावर काय येईल, आणि त्यातून मार्ग कोणता?

असा प्रश्न विचारला की मुलगी उलट विचारील, "मग बाबा, तुम्ही तसे का सांगता?" तेव्हा तिला दटावू नका. तिने चौथे शील नुसते पाठ केलेले नाही, ते तिला समजले आहे. त्या क्षणी परीक्षा तिची संपते आणि तुमची-आमची सुरू होते. ते उत्तर कोणतेही यंत्र लिहून देणार नाही. ते आपल्या वागण्यातूनच द्यावे लागेल.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जय भीम!