सोडलं की सोपवलं?



आजचं वाचन : गीता, अध्याय १२, श्लोक १८ आणि १९, आणि त्यावरची ज्ञानेश्वरी.

या दोन श्लोकांत भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतात. शत्रू-मित्र, मान-अपमान, थंडी-ऊन हे सगळं त्याला सारखं. आणि शेवटाकडे एक शब्द येतो, 'अनिकेत'. तुमच्या वर्गात एखादा अनिकेत नक्की असेल! अर्थ असा की, ज्याला स्वतःचं असं घर नाही. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार करणाऱ्या आपल्याला वाटेल, मग आपण तर जन्मजात अनिकेत! मलाही तसंच वाटायचं. गेल्या वर्षी मे महिन्यात आईचं घर हलवलं, तोपर्यंत.

आमचं घर वारंगा फाट्याला. नांदेडहून आलेला रस्ता इथं फुटतो, एक हिंगोलीकडे जातो, एक हदगाववरून नागपूरकडे. एसटीनं या बाजूला आलेल्या कुणालाही फाटा म्हटलं की खिचडी आठवते. फाट्यावर लोक थांबतात, खातात आणि पुढे जातात. आम्ही मात्र वीस वर्षं राहिलो, भाड्याच्या घरात. बाबा गेल्यावर चार वर्षं आई एकटीच होती. शेवटी ती माझ्याकडे पुण्याला यायला तयार झाली.

भांडीकुंडी, कपाट, देवघर, सगळं ठरलं. अडलं ते अंगणात. तुळस, मोगरा, कढीपत्ता, जास्वंद आणि कोपऱ्यात बाबांनी लावलेला प्राजक्त. आई म्हणाली, "हे पण न्यायचं."

माझं तेव्हा नुकतंच भागवत वाचून झालं होतं. मी लगेच जडभरताची गोष्ट ऐकवली. राज्य सोडून वनात गेलेला भरत राजा एका हरणाच्या पाडसात अडकला, मरताना त्याच्याच विचारात राहिला आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. "आई, हा मोह आहे. सोडायला शिक."

आई शांतपणे म्हणाली, "लेकरा, तुझे पुस्तकं तेवढे खोक्यात भरलेस ना?"

आणि मग, "पाडसाची माय मेली होती. त्याला वाचवलं, यात भरताचं काय चुकलं? अन् प्राजक्त तर कृष्णानं स्वर्गातून उपटून आणला. तो मोह नव्हता का?"

मी गप्प. खरं सांगू? जिचा नवरा गेला आणि आता घर सुटतंय, तिला मी वैराग्य शिकवत होतो, आणि तेही तिच्या वस्तूंवर. दुसऱ्याच्या सामानाबद्दल आपल्याला फार लवकर वैराग्य येतं!

मग मी प्रश्न नीट समोर घेतला. झाड नेमकं कुणाचं? लावणाऱ्याचं, जमिनीच्या मालकाचं, की पुढे पाणी घालणाऱ्याचं?

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं की, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर भाडेकरूनं जमिनीत जे रोवलं, ते ताबा असेपर्यंत त्याला काढून नेता येतं. फक्त जागा मिळाली होती तशी परत द्यायची. म्हणजे कायद्यानं प्राजक्त नेता आला असता.

पण झाडाला विचारलं तर? नर्सरीवाल्यानं सरळ सांगितलं. जमिनीतलं मोठं झाड हलवायचं तर काही आठवडे आधी भोवतीनं खणून मुळं कापायची, म्हणजे बुंध्याजवळ नवी तंतुमुळं फुटतात. मग पावसाळ्यात मातीच्या गड्ड्यासकट गोणपाटात बांधून उचलायचं, फांद्या कमी करायच्या, नव्या जागी काही दिवस सावली द्यायची. आम्ही निघणार होतो मे महिन्यात, ऐन उन्हात, काळ्या मातीला भेगा पडलेल्या असताना. आणि नेणार कुठं? चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. त्याला नेणं म्हणजे आपल्या हातानं मारणं होतं. हक्क आपला होता, पण जीव त्याचा जाणार होता.

आईनं काढलेल्या कृष्णाच्या गोष्टीचं पुढचं टोक मला त्या रात्री आठवलं. विष्णुपुराणात इंद्र म्हणतो की, तुम्ही भूलोकी आहात तोवर हा वृक्ष तिथं राहील. आणि श्रीकृष्ण निजधामाला गेल्यावर पारिजात स्वर्गात परत जातो. देवानंही झाड नेलं ते मुदतीवरच. आईला सांगितलं तर ती हसली, बऱ्याच दिवसांनी.

मग ठरवलं, जे झाडाला न दुखवता येईल ते न्यायचं. तुळस कुंडीतलीच होती, ती गाडीत आईच्या पायाशी. कढीपत्त्याची मुळाशी फुटलेली दोन पोरं. मोगऱ्याच्या काड्या ओल्या फडक्यात. आणि प्राजक्ताच्या वाळलेल्या चपट्या फळांमधल्या बिया एका डबीत. प्राजक्त तिथंच राहिला. निघताना आईनं त्याच्या बुंध्याशी दोन बादल्या पाणी ओतलं आणि मागे न बघता गाडीत बसली.

आपल्याच जिल्ह्यातलं नर्सी हे परंपरेनं नामदेव महाराजांचं जन्मगाव. पंढरपूर हे त्यांचं घर, आणि पुढे पंजाबात घुमानला त्यांचं वास्तव्य. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. एवढ्या लांब नेलं काय? नाम, म्हणजे बीच. मला वाटलं, आपण योग्य केलं. बी नेलं, झाड सोडलं. मी खूश होतो.

या पाडव्यानंतर शेजारच्या काकूंचा फोन आला. मालकांनी पुढे शेड टाकली आणि मध्ये येत होता म्हणून प्राजक्त तोडला.

आई काही बोलली नाही. बाल्कनीत जाऊन बियांतून उगवलेल्या दोन रोपांना पाणी घालत राहिली. मीही या वेळी कुठलीच गोष्ट सांगितली नाही.

मला राग आला, पण तो फार काळ मालकांवर टिकला नाही. कारण एक गोष्ट टोचत होती. किल्ली दिली, डिपॉझिट घेतलं, लाइटबिलाचा हिशोब केला, पण झाडाबद्दल मी मालकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. "हे बाबांनी लावलंय, जमलं तर राहू द्या, नडलं तर आधी एक फोन करा", एवढं म्हणायला काय लागलं असतं? कदाचित त्यांनी तरीही तोडलं असतं. जागा त्यांची, गरजही खरी असेल. पण त्यांना ते कुणाचं तरी झाड आहे हे माहीतच नव्हतं.

आज ज्ञानेश्वरी वाचताना म्हणूनच थांबलो. समभाव समजावताना माउली झाडाचाच दृष्टांत देतात : घाव घालणारा असो की लावणारा, झाड दोघांवर सारखीच सावली धरतं. हे झाडाला जमतं. प्राजक्तानं मालकांच्या अंगणातही शेवटपर्यंत फुलं टाकली असतील. आणि 'अनिकेत' शब्दावर माउली सांगतात की, वारा जसा एका जागी मुक्काम करत नाही तसा हा भक्त, आणि सगळं विश्वच त्याला आपलं घर वाटतं.

इथंच माझी चूक होती. मला अनिकेत म्हणजे 'ज्याचं काहीच नाही' असं वाटत होतं. माउलींचा अनिकेत म्हणजे 'ज्याला सगळंच आपलं आहे'. मग सोडलेलं घरही आपलंच राहतं आणि तिथल्या झाडाची काळजीही. सोडणं सोपं असतं, पाठ फिरवली की झालं. सोपवणं म्हणजे कुणाच्या तरी हातात देणं, दोन शब्द बोलून, थोडं कमीपण घेऊन. समर्पण आपण देवाला करतो तेही सोपवणंच असतं, टाकून देणं नाही.

तेव्हा घर बदलताना झाडं न्यायची का? माझं उत्तर : जे झाड प्रवासात जगेल ते न्या. जे जगणार नाही त्याचं बी न्या, काडी न्या. आणि जे मागे राहील त्याला पाणी घालून, कुणाच्या तरी हाती सोपवूनच निघा.

आजचा छोटासा संकल्प : नोकरी, खोली, गाव, यातलं काही नुकतंच सोडलं असेल, तर तिथं न सोपवता राहिलेलं एक काहीतरी आठवा. आज एक फोन करा.

मी मालकांना आज फोन करणार आहे. भांडायला नाही. पावसाळ्यात एक रोप घेऊन येऊ का, कुठल्या कोपऱ्यात चालेल, एवढंच विचारायला.

राम कृष्ण हरी.